समई परत मिळेपर्यंत

आमच्या सेलूत खोडे सरांनी माइकला हात लावला की लोक खाली वाकतात. नमस्काराला नाही, चपला शोधायला.

कारण खोडे सर आभार मानतात. शाळेचं स्नेहसंमेलन असो, पंधरा ऑगस्ट असो, कोणाचा निरोप समारंभ असो, नाहीतर डोळे तपासायचं शिबिर असो, शेवटचे आभार खोडे सरांचे. आता आभारप्रदर्शन म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पाहुणे बोलून झालेले असतात, हार घालून झालेले असतात, मागून चिवड्याचा वास सुटलेला असतो. दुसऱ्या गावातला आभार मानणारा शहाणा असतो. तोही चपलांकडे एक डोळा ठेवून दोन वाक्यांत मोकळा होतो. आमचा हा माणूस अध्यक्षांपासून सुरू होतो आणि विजेच्या खांबापर्यंत जातो.

विजेचा खांब मी गंमत म्हणून लिहिला नाही. एका सव्वीस जानेवारीला माझ्या कानांनी ऐकलं, "आजच्या कार्यक्रमात विद्युतपुरवठा खंडित झाला नाही, त्याबद्दल मी वीज कर्मचाऱ्यांच्या, ज्या खांबावरून ती आली त्या खांबाच्या, आणि ज्यांच्या धुऱ्यावर तो खांब उभा आहे त्या शेतकरी बांधवांच्या ऋणात राहू इच्छितो." इतकी ऋणात राहायची हौस असलेला माणूस मी जन्मात दुसरा पाह्यला नाही. तोपर्यंत मांडवात उरलं कोण? माइकवाला, कारण माइक त्याचा. एक कुत्रं, कारण चिवडा सांडलेला. आणि मी.

मी काऊन बसते? माझ्या समईपायी.

शाळेच्या फाटकासमोर माझं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पिना, आरसे, कंगवे. घरी माझी एक पितळी समई आहे, कमरेएवढी, सासूबाईंच्या वेळची. शाळेची स्वतःची समई गळते, म्हणून दीपप्रज्वलनाला माझी नेतात. पहिल्या वर्षी मी भोळेपणानं कार्यक्रम संपायच्या आधीच घरी आले. समई परत आली ती कित्येक दिवसांनी, मान वाकडी करून, आणि तिच्या तेलाच्या वाटीत कोणीतरी खडू ठेवले होते. तेव्हापासून माझा नेम आहे. समई हातात पडल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही. समई द्यायची खोडे सरांनी, आणि खोडे सर आभार संपल्याशिवाय स्टेजवरून उतरत नाहीत. म्हणून सगळ्या सेलूत त्यांचे आभार डोक्यापासून शेपटीपर्यंत ऐकलेली मी एकटी बाई आहे. ते माझ्याकडेच पाहून बोलतात. दुसरीकडे कोणाकडे पाहतील?

बरं, कार्यक्रम संपला म्हणून माझी सुटका होते का? तेही नाही. या माणसाचं आणि माझं घर एका भिंतीचं. मधली भिंत अशी की तिकडे त्यांनी शिंक दिली तर इकडे माझ्या तोंडून शतंजीव निघते. पुढच्या कार्यक्रमाचे आभार ते संध्याकाळी खोलीत येरझाऱ्या घालत पाठ करतात. म्हणजे तेच आभार मी दोनदा ऐकते.

माणूस मूळचा रोहण्याचा. म्हणजे मले-तुले म्हणतच वाढला असणार. पण मास्तरकी लागली आणि यांनी जिभेला इस्त्री केली. दूधवाल्याला म्हणतात, "आज आपल्याला किंचित विलंब झाला." ओट्यावर चढलेल्या बकरीला म्हणताना मी स्वतः ऐकलं, "आपण कृपया खाली उतरावे." बकरी उतरली नाही, आणि ती बकरी असून मला तिचं पटलं. सगळी भाषा अशी कडक, घडी न मोडलेली. फक्त एक वाक्य त्यांच्याकडे रोहण्याचं उरलेलं आहे. शाळा सुटली, कोणी निघालं, मग ते पोरगं असो की शिपाई की नवीन मास्तरीण, खोडे सर मागून म्हणतात, "जेवून घेजो." इस्त्रीच्या कपड्यांत एक चुरगळलेला रुमाल राहून जावा तसं ते वाक्य. कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. मीही देत नव्हते.

आणि जगाला जेवायला सांगणाऱ्या या माणसाचा स्वतःचा डबा? बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. खानावळीचा पोऱ्या डबा आणून त्यांच्या दाराच्या कडीला लटकावून जातो. पुष्कळदा तो डबा सकाळपर्यंत तसाच लटकलेला असतो, आणि मुंग्या मात्र पोटभर जेवून माझ्या भिंतीवरून जातात. मी एकदा म्हटलं, "सर, तुमच्या डब्याच्या मुंग्या माह्या साखरेत आल्या." तर म्हणतात, "क्षमस्व ताई. दोष माझा."

हे त्यांचं दुसरं वेड. दोष माझा. नळ आला नाही, दोष माझा. दहावीच्या पोट्ट्यानं गणितात आपटी खाल्ली, दोष माझा. पाहुण्यांची गाडी पंक्चर झाली, तरी माइकवर "दोष माझा" आहेच. पुढे मुख्याध्यापक झाले तर हे वेड आणखी वाढलं. शाळेत उशिरा येणाऱ्या मुलांना फाटकाजवळ कान धरून उभं करतात. एक दिवस हे स्वतः उशिरा पोचले, तर पिशवी खाली ठेवून त्या रांगेत उभे राह्यले. कान धरून. मी दुकानातून पाहत होते. मुख्याध्यापक रांगेत आहेत म्हटल्यावर पोरांना सोडायचं कोणी? सगळे उभेच. शेवटी महादेव शिपाई आला आणि म्हणाला, "सर, पुरे झालं आता, जा जी वर्गात." तेव्हा साहेब वर्गात गेले. मी माझ्या गिऱ्हाइकाला म्हटलं, याला मोठेपणा म्हणायचं की येडेपणा, तू सांग. ती म्हणाली, "काकू, मले फक्त पिना द्या."

तर असा माणूस. आणि अशा माणसाला सरकारनं प्रशिक्षणाला पाठवलं.

वर्ध्याला होतं ते. विषय होता, कृतज्ञता, माणुसकी आणि आत्मकरुणा. शाळा चालवणाऱ्यांनी हे तिन्ही अंगात आणायचं म्हणे. कृतज्ञतेला खोडे सरांना पाठवणं म्हणजे विहिरीला पाणी पाजणं, पण आदेश आदेश असतो. तिकडे कोणी एक कोटवाला आला होता, कानापासून तोंडापर्यंत माइकची काडी लावलेला. त्यानं म्हणे सगळ्या मुख्याध्यापकांना डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, आता स्वतःला मिठी मारा. मी विचारलं, "मग मारली काय?"

सर अगदी खरं बोलले. "मी हात बांधले ताई. परंतु मला थंडी वाजत असल्यासारखे वाटले."

आत्मकरुणा हा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पुढचं सगळं पुड्यांचे कागद वाचून झालेलं. सरांनी समजावलं, जशी दुसऱ्यावर दया करतो तशी स्वतःवर करायची, स्वतःशी चांगलं बोलायचं. आमच्याकडे याला स्वतःचे लाड म्हणतात, आणि बाईनं केले तर चार घरं बोलतात. पण कोटवाल्यानं शिकवलं की त्याला प्रमाणपत्र मिळते.

परत आल्यावर शाळेत आभाराचा तास सुरू झाला. रोज प्रत्येकानं कोणाचे तरी आभार मानायचे. आता तुम्हीच सांगा, आपल्या लोकांत आभार मानतात काय? घरच्या माणसाला आभार म्हटलं तर तो विचारतो, मी परका झालो काय? पहिल्याच दिवशी सरांनी महादेवला समोर बोलावून, हात जोडून, पाणी आणून दिल्याबद्दल आभार मानले. महादेवचं तोंड उतरलं. दुपारी माझ्या दुकानात येऊन बसला.

"काकू, माह्यं काई चुकलं काय वं?"

"काऊन?"

"सरनं आभार मानले. हे त निरोपाच्या वेळी मानतात. माह्यी बदली करून राह्यले काय?"

दुसरी गोष्ट आरशाची. कोटवाल्यानं सांगितलं होतं की प्रत्येक शिक्षकानं सकाळी आरशात पाहून स्वतःशी एक प्रेमाचं वाक्य बोलायचं. खोडे सरांनी माझ्याच दुकानातून निळ्या काठाचा आरसा नेला आणि शिक्षकांच्या खोलीत लावला. बाकीच्यांनी त्याचा बरोबर उपयोग केला. मास्तर भांग पाडतात, बाया टिकली सरळ करतात. प्रेमाचं वाक्य बोलायला एकटे खोडे सर. रोज सगळ्यांच्या आधी येतात, आरशासमोर उभे राहतात, घसा साफ करतात. महादेव झाडू मारता मारता ऐकतो. मीही एकदा हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला गेले तेव्हा ऐकलं. बराच वेळ स्वतःकडे पाहून ते म्हणाले, "खोडे, कॉलर मळली आहे."

दुसऱ्या दिवशी म्हणे, "खोडे, काल इयत्ता सहावीवर विनाकारण रागावलास." तिसऱ्या दिवशी पुन्हा कॉलर. त्या बिचाऱ्या आरशानं असा धनी पाह्यला नसेल. मी म्हटलं, सर, परत आणून द्या, गिऱ्हाइकाच्या कामी येईल. तर म्हणाले, "प्रयत्न चालू आहेत ताई."

या सगळ्याचं मला हसूच येत होतं. मेघाचं होईपर्यंत.

मेघा माझ्या मागच्या खोलीत भाड्यानं राहते. आर्वीकडच्या खेड्यातली पोरगी, पहिलीच नोकरी, तीही मानधनावरची. पहिलीचा वर्ग तिच्याकडे. पोरं तिच्या ओढणीला अशी लटकलेली असतात की ती चालते तेव्हा वर्गच चालताना दिसतो.

स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती. शाळा सुटली, मुलं गेली, मेघानं सभागृह झाडून घेतलं आणि बाहेरून कडी लावली. आत सतरंज्यांच्या ढिगामागे आरोही नावाची पहिलीतली पोट्टी झोपली होती. कोणाला दिसली नाही. मेघा घरापर्यंत पोचली, पायातल्या चपला काढता काढता तिला आठवलं की फाटकाशी सोडताना सगळ्यांचा हात धरला, आरोहीचा नाही धरला. तशीच अनवाणी पळाली. तिकडून आरोहीची आई शोधत येतच होती. दोघींनी मिळून कडी काढली. आत आरोही घोरत होती. हलवलं तर डोळे चोळत म्हणते, "माहा नाच झाला काय?"

पोरीला काही झालं नाही, तिला कळलंही नाही. पण तोपर्यंत चार माणसं जमली होती आणि त्यातल्या तिघांनी फोन काढले होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाच्या हातात ते चित्र, रडणारी आई आणि उघडं दार. झोपेतून उठून हसणारी पोरगी कोणी पाठवली नाही. तिच्यात मजा नव्हती.

संस्थेच्या अध्यक्षांना नगरपंचायतीचे वेध लागलेले. त्यांनी दोन दिवसांत निकाल लावला. मेघाला काढायचं, आणि ते बंद खोलीत नाही. संमेलनाच्या दिवशी, सगळ्या पालकांसमोर. खोडे सरांना बोलावून सांगितलं, "तुम्ही आभारात जाहीर करून टाका. बाईंना स्टेजवर बोलवा, माफी मागू द्या, सेवा समाप्त म्हणून सांगा. मग मी उठून दोन शब्द बोलतो." म्हणजे कापायचं यांनी आणि ताट त्यांच्यासमोर वाढायचं.

सर काय म्हणाले असतील? मला महादेवनं सांगितलं. "दोष माझा आहे, साहेब." अध्यक्ष हसले आणि म्हणाले, "सर, तुमचा दोष रोजचाच आहे. या वेळी दुसऱ्याचा लागते."

त्या दिवसापासून मेघा भिंतीकडे तोंड करून पडली. पिशवी भरून दाराशी ठेवली, संमेलन झालं की शेवटच्या गाडीनं गावाला. मी पिठलं केलं, ताट नेलं, तसंच परत आणलं. "मेघा, दोन घास खा वं."

"नाई काकू. दोष माझा हाय."

मी तिथंच थांबले. ताट ओट्यावर ठेवलं, पदर खोचला आणि सरळ भिंतीच्या पलीकडे गेले. खोडे सर येरझाऱ्या घालत होते. कडीला डबा लटकत होता, बंद.

"सर, झाली काय आजची आत्मकरुणा?"

"ताई, या. बसा."

"मी बसाले नाई आली. तिकडं ती पोरगी उपाशी पडली हाय. विचारलं त म्हणते, दोष माझा. हे वाक्य कोणाचं होय?"

सरांनी चष्मा काढला. "माझे."

"मंग? तुमाले वाटते, कान धरून उभं राह्यलं का लय मोठं काम झालं. पाहणारे काय शिकतात त्याच्यातून? का चुकलं त जेवाचं नाई, तोंड दाखवाचं नाई, पिशवी भराची आन् निघाचं. तुम्ही शाळेत हेच शिकवून राह्यले. गणित-फिणित त पोट्टे शिकवणीत शिकतात."

"परंतु ताई, चूक तर झाली."

"झाली ना. मी कुठं नाई म्हणते? हिनं कडी लावली. मंग हिलेच आठवलं, हेच अनवाणी धावली, हिनंच कडी काढली. ते सांगाले कोणाची जीभ उचलत नाई. तुम्ही त विजेच्या खांबाचे आभार मानता जी."

मी निघाले, तर मागून सवयीनं आवाज आला, "जेवून घे..." आणि अर्ध्यातच थांबला. मला वाटलं, चला, निदान लाज तरी वाटली.

संमेलनाच्या दिवशी काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारपासून मांडव भरला. नाच झाले, नकला झाल्या, आरोही तिच्या नाचात चुकीच्या बाजूला वळली आणि तिच्यासाठी सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. पाहुणे बोलले. मेघा स्टेजच्या पायरीशी पोरांना घेऊन बसली होती, पिशवी मागे ठेवून. चेहरा असा की मला तिकडे पाहवेना. मग निवेदिकेनं आभारप्रदर्शनाचं नाव घेतलं, आणि आजवर कधी झालं नाही ते झालं. कोणी उठलं नाही. उलट मागचे लोक पुढे सरकले. फोन वर झाले. चिवड्यापाशी उभे होते तेही येऊन बसले.

खोडे सर माइकसमोर आले. सगळा मांडव बसलेला. सवयीनं त्यांनी माझ्याकडे पाह्यलं, पण माझ्यापुढे त्या दिवशी चार रांगा होत्या.

"आज आपण सर्व जण बसून आहात," ते म्हणाले, "याची मला सवय नाही."

लोक हसले.

"झाल्या प्रकाराबद्दल, दोष माझा..."

लोक आणखी हसले. कोणीतरी मागून म्हणालं, "नळाचाही होय काय सर?" आणि मांडवभर हशा झाला. मला त्या माणसाचा राग आला, पण खरं सांगू, चूक त्याचीही नव्हती. रोज उठून ज्याला-त्याला वाटलेलं वाक्य, कामाच्या दिवशी त्याच्यात काही उरलंच नव्हतं. अध्यक्ष खुर्चीच्या कडेवर सरकून बसले होते, दोन शब्द तोंडात तयार.

सरांनी कॉलर चाचपली. हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. मी म्हटलं, झालं, आता हा माणूस कान धरतो. आता सगळ्यांसमोर उभा राहतो आणि ती पोरगी जाते.

"पहिलीच्या मेघाबाईंनी कडी लावली," ते म्हणाले. "घरी जाऊन त्यांनाच आठवले. पायात काही न घालता त्या परत आल्या आणि त्यांनीच कडी काढली. त्यांचे आभार. त्या उद्या शाळेत येतील."

मग एक श्वास घेतला. पुढे अध्यक्ष आहेत, पाहुणे आहेत, मंडपवाले, पाणीवाले, खांब आहेत, असं सगळ्या मांडवाला वाटलं. माइकवाला तर भिंतीला टेकून बसलाही होता. पण खोडे सर गाणाऱ्या मुलींकडे वळले आणि म्हणाले, "राष्ट्रगीत."

मुलींनी सुरू केलं. अध्यक्ष माइक घ्यायला हात लांब करून अर्धे उठले होते, ते तसेच ताठ झाले. सगळा मांडव ताठ. राष्ट्रगीत संपलं आणि अध्यक्ष माइकपाशी पोचून म्हणाले, "बंधू आणि भगिनींनो," पण तोवर सगळे बंधू आणि भगिनी चपला शोधत होते. आभार झाले, राष्ट्रगीत झालं, यापुढे आमच्याकडे देव जरी माइकवर आला तरी कोणी ऐकत नाही. माइकवाल्यानं वायर ओढली. त्याला संध्याकाळी सिंदीला वरात होती.

हे सरांनी ठरवून केलं की आपसूक झालं, मला अजून कळलं नाही. इतकी अक्कल त्या माणसात असेल असं मानायला माझं मन तयार नाही.

अध्यक्ष रागानं जवळ आले. "सर, हे बरं नाही केलं."

"आभारात आपले नाव राहून गेले साहेब," खोडे सर म्हणाले. "क्षमस्व."

मी वाट पाह्यली. पुढे दोष माझा आलं नाही.

अध्यक्ष काही बोलणार, इतक्यात आरोही मेघाचं बोट धरून खाली उतरली, तोंडाला अजून नाचाची लाली, मागे तिची आई. दोन-तीन फोन तिकडे वळले. फोन पाहताच अध्यक्षांनी आरोहीच्या डोक्यावर हात ठेवला आणि हसले. हात कुठे ठेवायचा हे अध्यक्षांना बरोबर कळते. त्यानंतर सेवा समाप्तीचं कोणी काढलं नाही, आणि मेघाची पिशवी माझ्या मागच्या खोलीत परत गेली. तिथं तिनं आधी मी झाकून ठेवलेलं पिठलं खाल्लं की आधी रडली, ते मला माहीत नाही. कारण मी शाळेतच होते. माझी समई राह्यली होती.

स्टेजवर खोडे सर नव्हते. समई होती, पण हातातून हातात घेतल्याशिवाय न्यायची नाही हा माझा नेम, म्हणून त्यांना शोधत गेले. दिवस कलला होता. मांडवाचे बांबू सोडण्याचा आवाज येत होता. शिक्षकांच्या खोलीचं दार अर्धं उघडं, आणि आत खोडे सर माझ्या निळ्या काठाच्या आरशासमोर.

मी हाक मारणार होते. पण ते घसा साफ करत होते.

बराच वेळ ते स्वतःकडे पाहत राह्यले. कॉलरकडे हात नेला, परत आणला. कॉलर खरंच मळली होती, दारातून मला दिसत होती. म्हणाले, "खोडे." थांबले. पुन्हा म्हणाले, "खोडे."

मी म्हटलं, आता येते कॉलर.

मग तो इस्त्रीचा आवाज गेला, आणि रोहण्याच्या कोण्या अंगणातून यावा तसा दुसराच आवाज आला, हळू. "खोडे, जेवून घेजो."

मी मागच्या मागे फिरले. स्टेजवर समई होती, तिच्यात दोन वाती अजून जळत होत्या. मी ती तशीच राहू दिली आणि घरी आले.

थोड्या वेळानं पलीकडे त्यांचं दार वाजलं. कडीवरून डबा काढल्याचा आवाज आला. मग एकेक करून डब्याचे कप्पे उघडले, सगळे. मग बराच वेळ चमचा. जेवताना फार आवाज करतो तो माणूस, ही एक तक्रार माझी अजून बाकी आहे.